लोकसहभागी कॅमेरा हवामाननोंद (सोलापूर)

गच्चीवरचा सीसीटीव्ही, खिडकीत टेकवलेला जुना मोबाईल, दुकानाबाहेरचा कॅमेरा यांनी टिपलेली आभाळाची चित्रे वेळ-ठिकाणासह एकत्र करून परिसरातले हवामान नोंदवण्याची पद्धत. पाऊस कुठे, कधी सुरू झाला आणि कोणत्या बाजूला सरकला, हे तिच्यातून कळते. किती पडला, हे कळत नाही. ही मर्यादा विसरली की चित्रांचा ढीग साठतो आणि हाती काही लागत नाही.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. जून-जुलैत पश्चिमेकडून ढग पळत येतात आणि न बरसता पुढे निघून जातात. खरा भर सप्टेंबरवर. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग याच भागात केले. उन्हाळ्यातला वळीव तर तुकड्यातुकड्यांनी पडतो: जुळे सोलापुरात रस्ते वाहत असताना अशोक चौकात धूळ उडत असते. अतिवृष्टीचा ६५ मिमीचा निकष महसूल मंडळातल्या केंद्राच्या मोजणीवर ठरतो, आणि मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या शिवारात काय झाले ते त्या केंद्राला दिसत नाही. ती फट कॅमेरे काही अंशी भरून काढतात. मात्र चित्राला मापाचा दर्जा नाही.

कॅमेरा एकदा बसवला की हलवायचा नाही. चौकटीचा खालचा एक तृतीयांश भाग क्षितिजाला, उरलेला आभाळाला द्यावा. शेजारची गच्ची, वाळत घातलेले कपडे, पापड करत बसलेली माणसे चौकटीत येत असतील तर तेवढा भाग सॉफ्टवेअरमध्ये काळा करावा. तोंड शक्यतो उत्तरेला, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ सूर्य मागे राहतो. मात्र सोलापूरचे अक्षांश १७.७ च्या आसपास असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ काचेवर तिरपा येतो. म्हणून लेन्सवर छज्जा लागतोच. दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर सोपवू नये. स्लॅबमधल्या सळया आणि छताचे पत्रे ते भरकटवतात. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य ठीक पश्चिमेला मावळतो, तेव्हा ताडून घ्यावे. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत लिहिले की सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा नेमकी होते.

दर मिनिटाला एक चित्र पुरते. दिवसाला १,४४० चित्रे, प्रत्येकी २५० केबी धरल्यास सुमारे ३६० एमबी. इंटरनेट तोकडे असेल तर पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, पण वळिवाची पहिली सर त्यात निसटू शकते. फोकस अनंतावर (म्हणजे अगदी दूरवर) बांधावा, नाहीतर काचेवर थेंब पडला की कॅमेरा थेंबच पाहत बसतो. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) बांधून ठेवावा. तो आपोआप बदलत राहिला तर कालचा करडा ढग आज निळसर दिसतो.

मेमध्ये पारा ४३ अंशांच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर ठेवलेला मोबाईल दुपारी तापून स्वतःच बंद पडतो, आणि सतत चार्जिंगवर असेल तर बॅटरी फुगते. वर-खाली भोके पाडलेला पांढरा पत्र्याचा डबा, सावली आणि चार्जरला टायमर, एवढ्याने काम भागते. काच आठवड्याला पुसावी. रात्रीचा त्रास वेगळाच: सीसीटीव्हीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर विणलेल्या जाळ्याची पांढरी रेघ सॉफ्टवेअर पाऊस म्हणून मोजते. ते दिवे बंद करून रस्त्यावरच्या दिव्याचे वलय चौकटीत घेतले की पाऊस त्यात स्पष्ट दिसतो.

खरी गोची घड्याळाची. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचे घड्याळ महिन्याभरात काही मिनिटे सरकते, वीज गेली की कधी थेट जुन्याच सालावर जाते; ते इंटरनेटच्या वेळेशी जोडून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळते, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. जुने फोटो नव्या पावसाच्या नावाने फिरतातच. ते पकडायला सावल्यांची दिशा आणि ओळखीच्या खुणा उपयोगी पडतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली; ती उभी दिसणारे ‘आजचे’ चित्र बाद. याच कारणाने, दृश्यमानता (किती दूरवरचे दिसते ते) मोजायला धरलेल्या खुणांची यादीही (पाण्याची टाकी, टॉवर, प्रत्येकाचे अंतर) अधूनमधून तपासावी लागते.

जुलैतली चित्रे वेगाने चालवली की खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि अगदी वरचे तंतुमेघ उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. वर पूर्वेचा झोतवारा (खूप उंचावरचा वेगवान वारा) असतो. त्यामुळे पाऊस कुठे सरकतोय हे वरच्या ढगांवरून ठरवू नये. उन्हाळ्यात ढगाच्या तळाशी लोंबणाऱ्या झालरी पाऊसच असतात, पण कोरड्या हवेत वाटेतच आटतात. वरच्या पट्ट्यात रडारला पाऊस दिसतो, जमीन कोरडी राहते. हे कॅमेरा चटकन उघड करतो.

माप हवे असेल तर कॅमेऱ्याजवळ पर्जन्यमापक ठेवावा. १० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याखाली बाटली असेल तर ७.८५ मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मोजावे आणि पातळीचा फोटो डोळा पाण्याच्या रेषेत ठेवून काढावा. वरून काढला तर आकडा चुकतो.

पाऊस पश्चिमेकडूनच येणार असे धरून सगळे कॅमेरे तिकडे रोखले जातात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेले बंगालच्या उपसागरातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडून आले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्याला झोडपून गेले. आग्नेयेला ३५-४० किमीवरच्या अक्कलकोटचा कॅमेरा, तिकडून ताशी २० ते ३० किमीने सरकणाऱ्या ढगाची सव्वा ते दोन तास आधी वर्दी देऊ शकतो. अशाच पावसात वीज आणि इंटरनेटही जाते. तेव्हा नोंदवहीत ‘पाऊस नाही’ आणि ‘चित्र नाही’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत.