काय बेस आहे बे! पण कुठला?

सोलापुरात रिक्षात नवा वूफर बसवला की दाद ठरलेली, ‘काय बेस आहे बे!’ अशाच एका रिक्षात मी ती चालवणाऱ्या मित्राला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘मनी’ ऐकवलं. 1973 चं गाणं, माझं सर्वांत लाडकं. त्याचा निकाल लगेच आला, ‘ह्यात बेसच नाही की!’

अन् ते गाणं उभंच आहे बेस गिटारवर.

तो म्हणतो तो बेस म्हणजे आवाजाचा खालचा पट्टा. ढोल, किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), सिंथेसायझर, सगळं त्यात आलं. नॉब फिरवला की वाढतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर काचा थरथरतात, तो हाच. मी म्हणतो ते वाद्य. चार जाड तारा, साध्या गिटारच्या जाड चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, गिटारची 82 वेळा. किक फक्त ‘धप्’ म्हणते. बेस गिटारची ओळ गुणगुणता येते.

फरक ओळखायचा तर बेसचा नॉब पार खाली आणा. धमक जाईल, पण ओळ बारीक होऊनही कळेल, कारण तारेच्या आवाजात मूळ सुरासोबत आपोआप वाजणारे वरचे बारीक सूर, म्हणजे उपस्वरही असतात.

‘मनी’त आधी नाण्यांचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट सात मात्रांत फिरतो, मग बँडच्या रॉजर वॉटर्सचा बेस शिरतो. पहिल्या मात्रेला खालचा सूर घट्ट रोवलेला. दुसरीलाच तोच सूर सप्तकभर वर उडी मारतो, घसरून पुन्हा तळ गाठतो, आणि शेवटच्या तीन मात्रांत एकेक पायरी चढत समेवर. आपला पाय चारचारचा ताल धरायला जातो, अन् दर फेरीला एक मात्रा कमी पडते. (आपला रूपक तालही सातचाच, पण त्याचे तीन-दोन-दोन इथे लावत बसू नका, गोंधळ होतो.) सॅक्सोफोनही सातातच वाजतो. गिटारचा सोलो आला की मात्र गाणं चारात येतं.

दुसऱ्यांदा हेडफोन लावून दिले. रिक्षा नेमकी ‘सात रस्ता’ चौकापाशी उभी होती. पठ्ठ्या हँडलवर बोटांनी सात मोजत होता, सोलोला हुकला, आणि म्हणाला, ‘मागं घे बे, जरा मागं घे.’