शाखा-जोड (वेल्डचे व आट्यांचे)

औद्योगिक पाइपला छिद्र पाडून तेथून लहान व्यासाची शाखा काढली की छिद्राभोवतीची भिंत कमकुवत होते. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथे बसवला जाणारा, घडीव पोलादाचा जाड बुडाचा तुकडा म्हणजे शाखा-जोड. वेल्डोलेट, सॉकोलेट आणि थ्रेडोलेट ही त्याच्या प्रकारांची प्रचलित नावे मूळची अमेरिकेतील बॉनी फोर्ज कंपनीची व्यापारी नावे आहेत. मापे व दाबवर्ग (दाब सोसण्याच्या क्षमतेनुसार पाडलेले वर्ग) एमएसएस या अमेरिकी संस्थेच्या एसपी-९७ या मानकात दिलेले आहेत.

तिन्ही प्रकारांचे बूड मुख्य पाइपला वेल्डनेच जोडले जाते. फरक असतो तो शाखेकडील तोंडात. वेल्डोलेटला शाखेचा पाइप समोरासमोर टेकवून वेल्ड करतात, सॉकोलेटमध्ये तो खोबणीत घालून बाहेरून वेल्ड करतात आणि थ्रेडोलेटमध्ये आटे पाडून फिरवून बसवतात.

आट्यांच्या जोडाची खरी मर्यादा पाइपच्या भिंतीत असते. १ इंची, शेड्यूल ४० पाइपची (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा क्रमांक) भिंत सुमारे ३.३८ मिमी असते आणि एनपीटी, म्हणजे अमेरिकी मानकाच्या निमुळत्या, आट्यांची खोली जवळपास १.७७ मिमी भरते, म्हणजे अर्ध्याहून अधिक धातू कापला जातो. म्हणूनच आट्यांसाठी ४.५५ मिमी भिंतीचा शेड्यूल ८० पाइप घेणे शहाणपणाचे. त्यातही आट्याच्या तळाशी ताण एकवटतो, त्यामुळे पंप किंवा कॉम्प्रेसरजवळच्या सतत थरथरणाऱ्या लहान शाखांना तेथूनच तडा जाण्याचा धोका असतो. गळती थांबवण्यासाठी आट्यांवरून वेल्डचा थर देण्याची पद्धत आहे, परंतु एएसएमई बी३१.३ हा कारखान्यांतील पाइपजोडणीचा अमेरिकी संकेत (नियमसंच) त्या थराला जोडाच्या बळकटीत धरत नाही, आणि ते योग्यच आहे.

सॉकोलेटमध्ये धातू कापला जात नाही, मात्र खोबणीच्या तळाशी राहणाऱ्या फटीत द्रव साचून गंज लागू शकतो. वेल्डोलेटमध्ये अशी फट नसते, शिवाय शाखेकडील वेल्डची क्ष-किरण तपासणी करता येते. त्या बदल्यात कुशल वेल्डर आणि काटेकोर जुळणी लागते.

तरीही दाबमापकासारखी वरचेवर काढावी लागणारी उपकरणे आणि वेल्डच्या उष्णतेने जस्ताचा थर जळणारे गॅल्व्हनाइज्ड पाइप यांच्यासाठी आट्यांचा जोडच सोयीचा ठरतो. ज्वलनशील किंवा विषारी द्रवाच्या, तसेच कंपन असलेल्या वाहिन्यांवर मात्र वेल्डचा जोड निवडावा.