परकोटाच्या आतली भाड्याची खोली : मागचा इतिहास

जून लागला की दर्यापूर, अंजनगाव, चांदूरबाजारकडच्या खेड्यांतली मुले शिक्षणासाठी अमरावतीत खोली शोधू लागतात आणि भाडे झेपेल अशी जागा पाहता पाहता त्यांतली काही जुन्या शहरात, परकोटाच्या म्हणजे शहराभोवतीच्या तटबंदीच्या आत, येऊन थांबतात. तेथे घरमालक अकरा महिन्यांचाच कागद का करतो आणि छत गळत असतानाही दुरुस्तीचे नाव का काढत नाही, हे गावाकडच्या पालकांना उमगत नाही. त्याचे उत्तर त्या वस्तीच्या आणि भाडे कायद्याच्या इतिहासात आहे.

परकोटाचे काम निजामाच्या राजवटीत १८०७ साली, पेंढाऱ्यांच्या लुटीपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून सुरू झाले. सुमारे सव्वादोन मैलांच्या या भिंतीला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, होत्या. जवाहर गेट, माता खिडकी, पटेल खिडकी ही नावे आजही लोकांच्या पत्त्यांत आहेत. पेठ कापसाची होती. आतले वाडे एकेका कुटुंबाच्या व्यवहारासाठी बांधलेले : पुढे बैठक, मध्ये चौक, मागे कोठार आणि राहण्याच्या खोल्या. भाडेकरूंचा विचार त्या बांधणीत नव्हता. १८६७ साली बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. पुढे कचेऱ्या आणि शाळा-महाविद्यालये वाढली, तशी परगावचे नोकरदार व विद्यार्थी या खोल्यांत राहू लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची टंचाई झाली, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ साली घरभाड्याविषयी कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश आला. भाडेनियंत्रकाची परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देता येणार नाही, हा त्याचा कणा होता. रिकाम्या झालेल्या घराची खबर सरकारला द्यावी लागे आणि ते घर सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देण्याचा अधिकार प्रशासनाकडे होता. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा आदेश विदर्भात चालूच राहिला. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा कायदा होता आणि मराठवाड्यात हैदराबादचा.

या संरक्षणामुळे हजारो साध्या कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर राहिले, आणि ते मला आजही मोलाचे वाटते. मात्र त्याची किंमत वाड्यांनी मोजली. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती चढवावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात, वाळवी लागलेले कडीपाट बदलावे लागतात. नियंत्रणामुळे जुन्याच पातळीवर राहिलेल्या वर्षाच्या भाड्यात मातीच्या गाड्याही निघेनात, तेव्हा मालकांनी हात आखडता घेतला. मी शिकत असताना ज्या खोलीत राहिलो, तिच्या सागवानी खांबावरची वेलबुट्टी शाबूत होती आणि त्याच खांबाशी पावसाचे पाणी धरायला घमेले ठेवलेले असे. कागद काहीच नव्हता, गावच्या ओळखीवर सगळे चालले होते. परीक्षेच्या तोंडावर खोली सोडायला सांगितले गेले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे भाड्याची एक पावतीही नव्हती.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही विभागांचे जुने कायदे संपले. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी ठरली. नोटीस देऊन पंधरा दिवसांत ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

अकरा महिन्यांची रूढी याहून जुनी आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा सरकारी निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा कागद करून नोंदणी टाळण्याची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात ती पळवाट आता उरलेली नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीचा, का असेना, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास करारातील अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही नोटरीचा शिक्का म्हणजेच नोंदणी, असे समजून गावाकडचे किती तरी बाप तो कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने निश्चिंत मनाने परततात.