शिंपल्यांच्या खिडक्या: पार्श्वभूमी

तावदानांच्या जागी शिंपले बसवलेली गोव्यातली जुनी खिडकी आज 'पोर्तुगीज' म्हणून विकली जाते. राजवट पोर्तुगीज होती, मान्य. पण शिंपला इथल्या खाडीतला आणि हात इथल्या सुतारांचे. निम्मं श्रेय तरी इकडे यायला हवं.

गोव्यातले तालुके, 1510 मध्ये तिसवाडी आणि 1543 मध्ये बार्देश-साष्टी, पोर्तुगिजांकडे गेल्यावर मोठमोठ्या खिडक्यांची घरं आणि चर्चेस उभी राहू लागली. काच जहाजाने यायची. महाग, शिवाय वाटेत फुटणारी. झुआरी नदीच्या मुखाशी मात्र चिखलावर आडवी पडून वाढणारी एक शिंपी होती. जवळजवळ गोल, तळहाताएवढी आणि इतकी चपटी, की दोन झाकणांमध्ये जीव मावतो कसा असा प्रश्न पडावा. उजेडासमोर धरली की आरपार दुधाळ दिसते. तिच्या कडा छाटून चौकोन करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत सरकवायचा. एखादा फुटला तर तेवढाच बदलता येई.

सोय हवामानाला धरून होती. चार महिने धो धो पाऊस. खिडकी बंद ठेवूनही खोलीत उजेड हवा. उन्हाळ्यात तोच उजेड डोळ्यांना बोचत नाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातलं दिसत नाही. त्याच घरातल्या शिसवी खुर्चीची बैठक वेताने विणलेली असे, तीही अंगाला वारा लागावा म्हणून. भिंत चिऱ्याची, आणि तिच्यावरचा चुना शिंपले भाजून केलेला. म्हणजे खिडकीसारखाच भिंतीवरचा चुनाही शिंपल्यांचाच.

पुढे काच स्वस्त झाली आणि एवढी नाजूक सुतारकी करून घेणं परवडेनासं झालं. फिलिपिन्समध्ये याच शिंपल्याचा धंदा फोफावला. तिथले दिवे आणि ताटल्या जगभर जातात. आपल्याकडे चांदर, लोटली अशा गावांतल्या जुन्या घरांत खिडक्या तेवढ्या उरल्या.

झुआरीकाठच्या चिखली गावच्या किनाऱ्याला ही शिंपी अजून आहे. ओहोटीला लोक ती खाण्यासाठी वेचत आले आहेत. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत तिचं नाव आलं. त्यामुळे नवे शिंपले काढता येत नाहीत; खिडकी दुरुस्त करायची तर मोडीत निघालेल्या दुसऱ्या झडपेतले शिंपले मिळतात का, हे आधी बघावं लागतं.