सामाजिक उद्योगांसाठी पोषक वातावरण (पुणे)

समाजाचा एखादा प्रश्न सोडवण्यासाठी उभा राहिलेला आणि आपला खर्च मुख्यतः विक्रीतून वा सेवाशुल्कातून भागवणारा उद्योग म्हणजे सामाजिक उद्योग. तो वाढावा म्हणून कायदा, भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक यांची जी जोडणी लागते, ती त्याचे पोषक वातावरण. प्रशिक्षणावर भर सहज दिला जातो. पण उद्योग तगतो तो हमखास गिऱ्हाइकावर.

पुण्यातले ठळक उदाहरण ‘स्वच्छ’. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून कचरावेचकांच्याच मालकीची ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. सभासद दारोदार कचरा गोळा करतात, शुल्क थेट घरांकडून घेतात आणि भंगार विकून आलेला पैसाही त्यांचाच. ढकलगाड्या, सुरक्षा साधने आणि वर्गीकरणाच्या शेड ही महापालिकेची जबाबदारी. यात शेडचे मोल फार मोठे आहे: निवडलेला माल साठवायला छप्पर नसेल, तर तो त्याच दिवशी पडेल त्या भावाने द्यावा लागतो. अशा व्यवस्थेची दुखरी नस म्हणजे कराराची मुदत. तुटपुंज्या मुदतवाढीवर चालणाऱ्या संस्थेला बँक गाडीसाठी कर्ज द्यायला कचरते.

कायदेशीर रूप घाईत निवडणे ही नेहमीची चूक. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे समाजकार्यासाठी नोंदलेली, कंपनी नफा वाटू शकत नाही, म्हणून परताव्याच्या अपेक्षेने येणारे भागभांडवल तिला मिळत नाही. खासगी कंपनीला ते मिळते, पण सीएसआर निधीची, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकार्यावर खर्चायच्या पैशाची, अंमलबजावणी संस्था (तो पैसा घेऊन काम करणारी संस्था) तिला होता येत नाही. कंपनीने वा सरकारने न स्थापलेल्या संस्थेकडे त्यासाठी नोंदणीबरोबर तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे पैशाची चणचण सर्वांत जास्त असते तेव्हाच हे दार बंद! ही पहिली वर्षे निभावून नेणारा निधी उभारणे हे पोषक वातावरणातले सर्वांत निकडीचे काम आहे.

खेळते भांडवल आटते ते थकलेल्या बिलांमुळे. महिन्याची मजुरी २ लाख आणि बिल ९० दिवसांनी निघणार असेल, तर मजुरीचेच ६ लाख अडकतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराला, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे. उशिरावर चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी काम सुरू होण्याआधीच करावी. मुदत माल वा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. तारीख आणि शिक्क्याची पोच हाती नसली की दावा तिथेच लटकतो.