दोन नोटा, एक चिल्लर आणि बर्फाचा हिशोब लावणारा माणूस

जर्मनीत राहणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर आला होता, त्याच्या खिशातली चिल्लर टेबलावर पडली आणि त्यात ५० सेंटच्या एका नाण्यावर चक्क निकोला टेस्ला. म्हटलं हे काय? तर क्रोएशियाने २०२३ पासून युरो घेतला आणि १०, २०, ५० सेंटच्या नाण्यांवर टेस्लाला बसवलं, आणि ती नाणी फिरत फिरत सगळ्या युरोपभर जातात. यावरून शेजारच्या सर्बियाचा तिळपापड झाला, कारण त्यांच्या १०० दिनारच्या नोटेवर हाच माणूस आधीपासून आहे.

भांडण कशाचं, तर टेस्ला ज्या स्मिल्यान गावात जन्मला (१८५६) ते आज क्रोएशियात आहे, पण घर सर्ब, वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे पाद्री. तेव्हा हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि पलीकडे तुर्क. सरहद्द राखायला ऑस्ट्रियाने पिढ्यानपिढ्या सर्ब कुटुंबं तिथे वसवली होती, जमीन कसा आणि बोलावलं की लढायला या असा सरळ व्यवहार. म्हणून क्रोएशियात सर्ब लोक. १९९१ च्या जनगणनेत ते १२ टक्के होते, २०२१ मध्ये जेमतेम ३ टक्के उरले, मधे क्रोएशिया आणि सर्बिया दोघंही ज्यात होते तो युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध झालं, १९९५ मध्ये तर दीड लाखाहून जास्त लोक गाठोडी बांधून निघून गेले. टेस्लाचं जन्मघरसुद्धा त्या युद्धात जळलं, मग २००६ मध्ये नीट करून म्युझियम केलं.

या छोट्याशा समाजातून माणसं मात्र एकेक निघाली. राजकारणात स्वेतोझार प्रिबिचेविच, जो आधी मंत्री म्हणून राजधानी बेलग्रेडच्या बाजूने क्रोएट लोकांवर दांडगाई करत होता आणि नंतर त्याच क्रोएट पुढाऱ्यांशी युती करून बेलग्रेडवरच उलटला, शेवटी १९३६ मध्ये परदेशात, प्रागला वारला. चित्रकार सावा शुमानोविच, विन्कोव्त्सीत जन्मलेला, १९४२ मध्ये फॅसिस्टांनी मारला. कादंबरीकार व्लादान देस्नित्सा झादारचा. आणि हॅरी पॉटरच्या सिनेमात जादूच्या कांड्या बनवणारा म्हातारा ग्रेगोरोविच आठवतो का, तो नट रादे शेरबेजिया, तोही याच लोकांतला.

पण मला सांगायचंय ते २००० दिनारच्या नोटेवरच्या माणसाबद्दल. टेस्लाच्या वीसपट किमतीची नोट आणि चेहरा आपल्याकडे कुणीही ओळखणार नाही. नाव मिलुतिन मिलान्कोविच. जन्म १८७९, गाव दाल्य, क्रोएशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, डॅन्यूब नदीच्या काठी. घर खाऊनपिऊन सुखी, पण हा आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि तीन भाऊ क्षयाने लहानपणीच गेले. हाही तोळामासा प्रकृतीचा, म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच.

पुढे व्हिएन्नाला जाऊन सिव्हिल इंजिनियर झाला, १९०४ मध्ये डॉक्टरेट केली आणि रीइन्फोर्स्ड काँक्रीटचं काम करणाऱ्या एका कंपनीत लागला. धरणं, पूल, नावावर पेटंट, पगार उत्तम. आणि १९०९ मध्ये हे सगळं सोडून बेलग्रेड युनिव्हर्सिटीत गणित शिकवायला गेला, पगार एकदम खाली. आपल्याकडे घरच्यांनी वेड्यात काढलं असतं.

त्याच्या आठवणींमध्ये एक किस्सा आहे. तो आणि त्याचा एक कवी मित्र कॅफेत स्वस्तातली वाइन पीत बसले होते, कवीचा देशभक्तीपर कवितांचा संग्रह नुकताच आलेला. शेजारच्या टेबलवरच्या एका पैसेवाल्या गृहस्थाने पुस्तक चाळलं, खूश होऊन दहा प्रती रोख पैसे देऊन घेतल्या, आणि मग काय, यांची वाइन बदलली. तिसऱ्या बाटलीनंतर कवी म्हणाला मी आता महाकाव्य लिहिणार, तर मिलान्कोविच म्हणाला मी अख्खं विश्व कवेत घेणार. दारूच्या टेबलावर असलं काय काय बोलतात माणसं, फरक एवढाच की हा पुढे खरंच कामाला लागला.

प्रश्न त्याने असा निवडला. पृथ्वीवर कधीकाळी हिमयुगं येऊन गेली हे तोपर्यंत लोकांना पटलं होतं, उत्तर युरोपवर किलोमीटरच्या हिशोबात जाड बर्फ होता. पण बर्फ आला का आणि गेला का? कारण आकाशात आहे असं आधीही काहींनी म्हटलं होतं, त्यात स्कॉटलंडचा जेम्स क्रॉल तर एका कॉलेजात शिपायाची नोकरी करता करता तिथल्या लायब्ररीत बसून शिकलेला माणूस. या क्रॉलचा आपल्याशी एक संबंध आहे बरं का. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या, आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये होतं म्हणणाऱ्या पुस्तकात त्याच्या गणितावर चर्चा केलीय. क्रॉल म्हणायचा हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वी संपलं, अमेरिकन भूगर्भवाले म्हणायचे आठ-दहा हजार, आणि टिळकांनी अमेरिकनांची बाजू घेतली. आज आकडा सुमारे ११,७०० वर्षं धरतात, म्हणजे आर्यांच्या मूळ घराचं काही का असेना, या मुद्द्यावर टिळक बरोबर बाजूला होते.

आता आकाशातलं कारण म्हणजे नक्की काय, ते बघू. तीन गोष्टी हळूहळू बदलत असतात.

एक, पृथ्वीची कक्षा. ती कधी जवळजवळ गोल, कधी जराशी लांबट, कारण गुरू-शुक्रासारखे बाकीचे ग्रह तिला सतत ओढत असतात. याचा फेरा साधारण एक लाख वर्षांचा.

दोन, आसाचा कल. आज २३.४ अंश आहे पण तो २२.१ ते २४.५ च्या मधे डुलतो, ४१ हजार वर्षांत एकदा. कल जास्त तर ध्रुवांकडचे उन्हाळे कडक, कल कमी तर उन्हाळे मिळमिळीत.

तीन, भोवरा मंदावताना त्याचं डोकं जसं गोल गोल फिरतं तसं पृथ्वीचा आस फिरतो, एक चक्कर सुमारे २६ हजार वर्षांची. हे आपल्याला नवीन नाही, पंचांगवाले याला अयनचलन म्हणतात. उत्तरायण खरं सुरू होतं २२ डिसेंबरच्या आसपास आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, हा जो तीन आठवड्यांचा घोळ आहे तो याच भोवऱ्यामुळे, दर ७२ वर्षांना एक दिवस या हिशोबाने साचत गेलेला. आता कक्षासुद्धा स्वतः हळूहळू फिरत असल्यामुळे हवामानाच्या दृष्टीने हा फेरा १९ ते २३ हजार वर्षांचा पडतो, आणि त्यामुळे ठरतं काय, तर आपण सूर्याच्या जवळ असतो तेव्हा उत्तरेत कुठला ऋतू चालू असतो. आज जानेवारीत आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, आणि जुलैत लांब, १५ कोटी २१ लाख. अकरा हजार वर्षांपूर्वी बरोबर उलटं होतं, उत्तरेचा उन्हाळा सूर्याजवळ, म्हणून जमीन जास्त तापायची आणि मान्सून आजच्यापेक्षा दणकून यायचा, सहारा वाळवंटात तळी आणि गवत होतं.

हे सगळं ढोबळमानाने आधीही माहीत होतं. मिलान्कोविचने ठरवलं की ढोबळ नको, कुठल्या अक्षांशावर कुठल्या काळात किती ऊन पडलं याचा पै-पैचा हिशोब मांडायचा. इंजिनियरच तो.

१९१४ मध्ये लग्न झालं आणि बायकोला घेऊन हा गावी, दाल्यला आला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. दाल्य ऑस्ट्रिया-हंगेरीत आणि हा आता सर्बियाचा नागरिक, म्हणजे स्वतःच्या जन्मगावात शत्रू! उचलला आणि ओसियेकच्या किल्ल्यात कोंडला. लोखंडी दार मागे बंद झालं, हा खाटेवर बसला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग लक्षात आलं की बॅगेत आपले कागद आहेत, काही अर्धवट, काही कोरे. पेन काढलं आणि गणित सुरू. मध्यरात्र उलटल्यावर भान आलं तेव्हा आपण कुठे आहोत हेच त्याला पटकन कळेना, त्याने लिहिलंय की ती कोठडी विश्वाच्या प्रवासातल्या एका रात्रीच्या मुक्कामासारखी वाटली. व्हिएन्नाच्या एका प्रोफेसरने खटपट करून त्याला बुडापेस्टला हलवलं, तिथे नजरकैद पण लायब्ररी खुली. चार वर्षं तिथे बसून त्याने मुख्य काम उरकलं आणि १९२० मध्ये पॅरिसमध्ये पुस्तक आलं.

ते वाचून व्लादिमिर कॉपेनचं पत्र आलं. कॉपेन म्हणजे हवामानशास्त्रातलं मोठं प्रस्थ, खंड सरकतात असं म्हणणाऱ्या वेगेनरचा सासरा. त्याने दिलेली सूचना मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात सुंदर वाटते. क्रॉल धरून बसला होता की हिमयुगासाठी हिवाळे कडक पाहिजेत. कॉपेन म्हणाला हिवाळा सोडा, तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतोच, उन्हाळा बघा. म्हणजे हिवाळ्यातला बर्फ हा पगार समजा आणि उन्हाळ्यातलं वितळणं हा खर्च. पगार वाढायची गरजच नाही, खर्च थोडा कमी झाला तरी दरवर्षी शिल्लक पडते, थेंबे थेंबे तळे साचे. आणि एकदा पांढरं झालं की ते ऊन परत फेकतं (गच्चीला पांढरा रंग मारतात तसंच), त्यामुळे अजून थंडावा, अजून शिल्लक.

मग मिलान्कोविच बसला. सकाळपासून रात्रीपर्यंत, शंभर दिवस, कॉम्प्युटर सोडा साधा कॅल्क्युलेटरही नाही, आणि ५५, ६०, ६५ या उत्तर अक्षांशांवरचा गेल्या साडेसहा लाख वर्षांचा उन्हाळी उन्हाचा आलेख काढला. दाखवायची पद्धतही झकास, अमुक हजार वर्षांपूर्वी ६५ अंशावरच्या जागेला आजच्या कितव्या अंशाइतकं ऊन मिळत होतं ते काढायचं, म्हणजे कागदावर गाव उत्तरेला सरकलं की समजायचं उन्हाळा गार. १९२४ मध्ये कॉपेन आणि वेगेनरने हे आलेख आपल्या पुस्तकात छापले.

आयुष्यभराचं काम एकत्र करून त्याने मोठा जर्मन ग्रंथ केला, तो छपाईला असतानाच ६ एप्रिल १९४१ ला हिटलरच्या विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले आणि छापखाना गेला. नशीब की बहुतेक छापून झालेलं वाचलं, शेवटचे थोडे फर्मे परत छापावे लागले. पण १९५० च्या दशकात जुन्या अवशेषांचं वय काढायची रेडिओकार्बन पद्धत आली आणि तिच्या तारखा याच्या आलेखाशी जुळेनात, लोक म्हणायला लागले गणित छान आहे पण खरं नाही. डिसेंबर १९५८ मध्ये तो वारला तेव्हा अशी हवा होती.

निकाल लागला १९७६ मध्ये, आणि तोही हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या गाळात. समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या लांबलचक कांड्यांमध्ये फोरॅमिनिफेरा नावाच्या बारीक जिवांची कवचं थरावर थर साचलेली असतात. जमिनीवर बर्फ साचतो तेव्हा हलका ऑक्सिजन असलेलं पाणी बर्फात अडकतं, जड ऑक्सिजनवालं समुद्रात जास्त उरतं, आणि कवचात त्याची नोंद राहते. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी साडेचार लाख वर्षांची ही नोंद तपासली, तर फेरे निघाले कितीचे? एक लाख, ४१ हजार आणि २३ व १९ हजारांच्या आसपास.

सगळं सुटलं असं मात्र नाही. लाख वर्षांच्या फेऱ्याने उन्हात फरक पडतो अगदी किरकोळ, तरी गेल्या साधारण दहा लाख वर्षांतली मोठी हिमयुगं त्याच तालावर का येतात यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. त्याआधी ४१ हजारांचा ताल होता, तो का बदलला तेही.

आणि हो, व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की हवामान तर कायमच बदलतं, मिलान्कोविचनेच सांगितलंय, मग आत्ताच्या उकाड्याचं एवढं काय. त्याचे फेरे हजारो वर्षांचे आहेत हो, आणि सध्या त्यांच्या हिशोबाने उत्तरेचं उन्हाळी ऊन हळूहळू कमी होतंय. गेल्या दीडशे वर्षांत जे तापलंय ते उलट्या दिशेने आणि कैकपट वेगाने, त्याचं बिल कोळसा-पेट्रोलच्या नावावर आहे, या बिचाऱ्याच्या नाही.

त्याचं अजून एक काम राहिलं सांगायचं. ऑर्थोडॉक्स लोकांचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे पडलं होतं म्हणून १९२३ मध्ये इस्तंबूलला चर्चची परिषद भरली, तिथे याने नवीन कॅलेंडर दिलं. शतकाचं वर्ष लीप कधी, तर ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली तरच. आपण वापरतो त्या पोपच्या कॅलेंडरपेक्षा हे जास्त अचूक आहे, वर्षाला फक्त दोनेक सेकंदांची चूक. ग्रीस, रोमानिया, बल्गेरियाच्या चर्चनी ते घेतलं. सर्बियाच्या चर्चने, म्हणजे याच्या स्वतःच्या चर्चने, अजून घेतलेलं नाही, त्यांचा ख्रिसमस आजही ७ जानेवारीला असतो.

सध्या पोपचं आणि याचं कॅलेंडर तंतोतंत जुळतं. पहिला फरक पडेल २८०० साली, पोपच्या हिशोबात २९ फेब्रुवारी असेल आणि मिलान्कोविचच्या हिशोबात त्या दिवशी १ मार्च.