बॅकअपमधलं जुनं नेमकं कसं काढायचं?

बॅकअपची डिस्क भरली की अनेकांचा हात आधी फोल्डर उघडून सर्वांत जुन्या तारखेच्या फाइल्स उडवण्याकडे जातो. रेस्टिक किंवा बोर्गसारख्या बॅकअप प्रणालींमध्ये याहून घातक काही नाही. तिथे दोन वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा बॅकअप नव्हे. काल रात्रीचा बॅकअपही तिच्यावरच उभा असू शकतो.

रेस्टिकचं काम कसं चालतं ते पाहू. ते मोठ्या फाइलचे सरासरी १ एमबीचे तुकडे करतं. कमीत कमी ५१२ केबी, जास्तीत जास्त ८ एमबी. तुकडा कुठे पाडायचा हे फाइलमधल्या मजकुरावरूनच ठरतं, त्यामुळे मधे चार ओळी घुसवल्या तरी पुढचे बहुतेक तुकडे जसेच्या तसे राहतात. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढला जातो आणि तोच तुकडा साठ्यात आधीपासून असेल तर पुन्हा लिहिला जात नाही. असे अनेक तुकडे एका पॅक फाइलमध्ये बसतात. तिचा ठरलेला आकार १६ एमबीच्या आसपास. स्नॅपशॉट म्हणजे त्या वेळी कोणत्या फाइल्स होत्या आणि त्या कोणकोणत्या तुकड्यांनी बनतात, याची नोंद.

म्हणून जुना बॅकअप काढण्याचे टप्पे दोन. ‘फर्गेट’ ही आज्ञा फक्त स्नॅपशॉटची नोंद काढते. डिस्कवरची जागा जवळपास तेवढीच राहते. जागा मोकळी करते ती ‘प्रून’. उरलेल्या सर्व स्नॅपशॉटना कोणते तुकडे लागतात याची ती आधी यादी करते. ज्या पॅकमधला एकही तुकडा लागत नाही, तो सरळ जातो. ज्यात काही लागतात आणि काही नाही, त्यातले उपयोगी तुकडे नव्या पॅकमध्ये लिहून मगच जुना पॅक काढला जातो. वीज गेली तरी डेटा जाऊ नये म्हणून हा क्रम आहे, पण त्यामुळेच प्रूनला काही काळ जास्तीची जागा लागते. डिस्क शंभर टक्के भरेपर्यंत थांबलात तर साफसफाईच अडते. जागा अगदी कमी उरली असेल तर ‘मॅक्स-रिपॅक-साइझ’ शून्य देऊन प्रून चालवावं. मग फक्त पूर्ण निरुपयोगी पॅक काढले जातात, अर्धवट वापरातल्यांना हात लागत नाही. साठा क्लाउडवर असेल तर एरवीही हा पर्याय लक्षात ठेवा, कारण अर्धवट पॅक पुन्हा लिहायचा म्हणजे त्यातले तुकडे आधी खाली उतरवायचे, आणि काही सेवा त्याचे पैसे घेतात.

बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून असेच दोन टप्पे आहेत. नावांचा घोळ मात्र होतो. तिथलं ‘प्रून’ बॅकअपच्या नोंदी काढतं आणि जागा मोकळी करतं ‘कॉम्पॅक्ट’.

आता ठेवायचं किती? लहान कार्यालयासाठी रोजचे ७, आठवड्याचे ५, महिन्याचे १२ आणि वर्षाचे ८ ही चांगली सुरुवात आहे. बेरीज ३२ होते, पण रेस्टिकमध्ये प्रत्यक्षात स्नॅपशॉट त्याहून कमी राहतात, कारण आजचा स्नॅपशॉट एकाच वेळी दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष या चारही नियमांत बसतो. नुसते रोजचे ७ ठेवणं धोक्याचं. बिघडलेली एक्सेल फाइल दहा दिवसांनी कुणाच्या लक्षात आली, तर तोवर तिची चांगली प्रत गेलेली असते. रोजचे ७ म्हणजे कॅलेंडरचे सात दिवसही नव्हेत. ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे सात दिवस मोजले जातात. दिवाळीत कार्यालय आठवडाभर बंद राहिलं तरी जुने बॅकअप आपोआप जात नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

वर्षाच्या नियमात एक खाच आहे. रेस्टिक प्रत्येक कॅलेंडर वर्षातला शेवटचा स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आसपासचा. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि हिशोबातल्या दुरुस्त्या लेखापरीक्षण होईपर्यंत चालू असतात. तेव्हा ताळेबंदावर सह्या झाल्या की त्या दिवशी वेगळा स्नॅपशॉट घेऊन त्याला ‘ताळेबंद’ असा टॅग लावावा आणि फर्गेट चालवताना दर वेळी त्या टॅगचे स्नॅपशॉट राखणारा ‘कीप-टॅग’ हा पर्याय द्यावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. टॅग लावलेला स्नॅपशॉट मात्र मुदत संपल्यावरही आपोआप जात नाही, तो हाताने काढावा लागतो.

वर्षानुवर्षं पडून राहणारा निरुपयोगी डेटा बहुतेक वेळा येतो तो गटांमुळे. फर्गेट सगळे स्नॅपशॉट एकत्र मोजत नाही. संगणकाचं नाव आणि बॅकअप घेतलेले फोल्डर यांनुसार गट पाडून प्रत्येक गटाला नियम वेगळा लावतं. समजा, टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर हलवला. आता नवा गट सुरू झाला. जुन्या गटात नवं काही येणार नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने शेवटचे सात दिवस म्हणजे स्थलांतराआधीचे सात दिवस, आणि ते कायमचे राहतात. संगणक बदलला, त्याचं नाव बदललं, यादीत एक फोल्डर वाढवला तरी हेच होतं. फक्त संगणकाच्या नावाने गट पाडायला सांगितलं की फोल्डर बदलल्यामुळे अडकलेले स्नॅपशॉट सुटतात. नावच बदललं असेल तर जुन्या नावाचे स्नॅपशॉट वेगळे पाहून, खात्री करून काढावे लागतात. गट पूर्ण बंद करू नका. एकाच साठ्यात तीन संगणक असतील तर ते एकाच रांगेत मोजले जातील आणि कुणाचे तरी चांगले बॅकअप जातील. बोर्ग १.x मध्ये तर गटच नाहीत. प्रून करताना नावाचा नमुना दिला नाही, तर साठ्यातल्या सगळ्या संगणकांच्या नोंदी एकत्र धरल्या जातात.

म्हणून आधी ‘ड्राय-रन’ करावं, अपवाद न करता. त्यात काहीही पुसलं जात नाही. काय राहणार आणि काय जाणार याची यादी गटागटाने दिसते आणि राहणाऱ्या प्रत्येक स्नॅपशॉटपुढे तो कोणत्या नियमाने वाचला हेही लिहिलेलं असतं. ती यादी खरंच वाचा. मग फर्गेट, प्रून आणि शेवटी ‘चेक’. साधं चेक साठ्याची रचना तपासतं. प्रत्यक्ष डेटा वाचून पाहायचा तर दर आठवड्याला त्याचा दहावा हिस्सा वाचायला सांगावा, दर वेळी पुढचा. त्यानंतर एक-दोन फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवून उघडून पाहाव्यात.

फर्गेट रोज चालवलं तरी चालतं. प्रून आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा पुरे. प्रून चालू असताना साठ्याला कुलूप लागतं आणि त्या वेळी सुरू झालेला बॅकअप अपयशी होतो, म्हणून दोन्हींच्या वेळा लांब ठेवाव्यात. कुलूप अडकलं असं वाटून ‘अनलॉक’ सक्तीने चालवण्याआधी दुसऱ्या संगणकावर प्रून सुरू नाही ना, हे बघा.

फुल (संपूर्ण बॅकअप) आणि इन्क्रिमेंटल (फक्त बदलांचा बॅकअप) पद्धतीच्या जुन्या प्रणालींत हिशोब वेगळा. दर रविवारी फुल, इतर दिवशी फक्त बदल, आणि मुदत १४ दिवसांची असेल, तर शनिवारी १४ दिवसांपूर्वीच्या शनिवारपर्यंत जाता यायला हवं. त्यासाठी त्याच्याही सहा दिवस आधीची रविवारची फुल लागते. म्हणजे १४ दिवसांच्या हमीसाठी २० दिवसांपर्यंतच्या फाइल्स साठवाव्या लागतात. जागेचा अंदाज यावरूनच काढावा.

कधी एखाद्या व्यक्तीची माहितीच काढायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये, हेतू संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणं भाग नसल्यास, माहिती पुसण्याची तरतूद आहे. चालू डेटाबेसमधून नोंद काढली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती राहते. रेस्टिकच्या ०.१५ आवृत्तीपासून ‘रीराइट’ने एखादी फाइल किंवा फोल्डर जुन्या स्नॅपशॉटमधून वगळता येतो, मूळ स्नॅपशॉट काढून मग प्रून करावं लागतं. मात्र डेटाबेसच्या एका मोठ्या फाइलमधली एकच ओळ त्याने निघत नाही. अशा वेळी काढलेल्या नोंदींची यादी वेगळी ठेवून, बॅकअपमधून डेटा परत आणला की ती लगेच पुन्हा लागू करावी. दुसऱ्या शहरातल्या किंवा क्लाउडवरच्या प्रतीत फर्गेट आणि प्रून आपोआप पोहोचत नाहीत. तिथेही तोच नियम वेगळा चालवावा लागतो.